हात वर जाईपर्यंत

मृणालीचा हात कोटाच्या बाहीत अडकला, तो नेमका दवाखान्याच्या दारात.

अंगावरचा खाकी कोट काढावा, पिशवीत टाकावा आणि मग आत जावं, एवढंच तिच्या मनात होतं. पण उजवा हात कोपरापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे जाईना, मागे येईना. खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणीच आलं. जिन्यात कुणी नाही हे नशीब... असं वाटतंय तोच मागून आवाज आला.

"आधी चांगला हात काढा."

"काय?"

"चांगला हात आधी बाहेर काढा. मग दुखरा नुसता खाली सोडा, बाही आपसूक उतरते. घालताना उलटं. दुखरा आधी."

मृणालीने सांगितलं तसं केलं. कोट अलगद घसरून खाली पडला. मागचा माणूस वाकला, त्याने तो उजव्या हाताने उचलला आणि तिच्यापुढे धरला. उंच, रापलेला, कानशिलांवर थोडे पांढरे केस.

"तुम्ही डॉक्टर?"

"छे हो! पेशंट. डावा खांदा. मागे ह्याच दारात मी शर्टात अडकलो होतो... डोकं पण आतच होतं. तुमचं निदान तोंड तरी दिसतंय."

हसायचं नाही असं ठरवूनही मृणाली हसली. हसताना खांदा हलला आणि परत कळ आली.

"हसणं पण बंद होतं काय ओ ह्यात?" तिने विचारलं.

"ते तेवढं चालू राहतं," तो म्हणाला.

मृणाली शिवलकर एस्टीत कंडक्टर होती. रत्नागिरी ते नाटे ही तिची गाडी. भाट्याचा पूल ओलांडला की पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे... उजव्या हाताला समुद्र मध्येच दिसायचा, मध्येच लपायचा, आणि इतकी वर्षं झाली तरी पूर्णगडच्या पुलावर तिची मान आपोआप तिकडे वळायची. वडिलांच्या आजारपणात तिचं लग्नाचं वय सरकत गेलं. भाऊ डोंबिवलीला स्थिरावला. घरात ती आणि आई, गोदाबाई. चाळीशी जवळ आली आणि स्थळं यायची थांबली, तेव्हा तिला खरं सांगायचं तर जरा हायसंच वाटलं होतं. गाडी होती ना तिची!

आणि मग श्रावणात एका सकाळी घंटीच्या दोरीकडे हात गेला, तो पोचलाच नाही. आधी नुसतं दुखायचं. मग दुखणं जरा कमी झालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वेणी आई घालून देऊ लागली, पदराची पिन आई लावू लागली. डेपोने तिला चौकशीच्या खिडकीत बसवलं. आपली नाट्याची गाडी रोज आपल्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याच कंडक्टरला घेऊन सुटते, हे बघत बसणं खांद्यापेक्षा जास्त दुखायचं.

जयस्तंभापासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डॉक्टर वेदिकाचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. वेदिका वयाने लहान, पण बोलणं ठाम. तिने मृणालीचा हात सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला.

"फ्रोझन शोल्डर. सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं, ते सुजून आखडलंय. थोडी शुगर आहे ना तुम्हाला? अशा लोकांना जास्त होतं. पण मोकळं होतं, ताई. रोज व्यायाम, आणि घाई नाही. ओढूनताणून केलंत तर उलट खांदा रुसतो."

"किती दिवस?"

"दिवस नाही... महिने म्हणा."

मृणालीचा चेहरा पडला. पलीकडच्या टेबलाशी तो मघाचा माणूस ओणवा उभा होता. उजवा हात टेबलावर टेकवलेला, डावा हात खाली सैल सोडून तो हलके हलके गोल फिरवत होता.

"महिने ऐकून घाबरू नका," तो मान न वळवता म्हणाला. "कंपनी चांगली आहे इथली."

त्याचं नाव सुजय मयेकर. बोटीवर सेकंड इंजिनिअर. इंजिनरूमच्या शिडीवरून घसरला, हात बरेच दिवस गळ्यात बांधलेला राहिला, आणि सोडला तेव्हा खांदा गोठलेला. आता बहिणीकडे रत्नागिरीत राहून उपचार घेत होता. खांदा सुटला, मेडिकल पास झालं, की पुन्हा बोट.

"गाव?"

"नाटे."

मृणालीने चमकून पाहिलं. "नाट्याचे मयेकर? मथुराकाकींचे तुम्ही कोण?"

"मुलगा." आता चमकायची पाळी त्याची होती. "आईला कशा ओळखता?"

"माझ्याच गाडीने आडिवऱ्याच्या देवळात येतात की त्या. खिडकीची जागा लागते. आणि उतरताना मला दर वेळी सांगतात, माझो झील बोटीवर असता, पण फोन काय करत नाय."

सुजयचा फिरणारा हात थांबला. कान लाल झाले.

"आज करतो," तो म्हणाला.

वेदिकाने दोघांना एकच वेळ दिली, दुपारची. मृणालीची ड्युटी तेव्हा संपलेली असायची. आधी गरम शेक, मग वेदिका स्वतः सांधा हळूहळू हलवायची, आणि मग व्यायाम. दाराच्या चौकटीला एक कप्पी होती आणि तिच्यावरून दोरी. चांगल्या हाताने एक टोक खाली ओढायचं की दुसऱ्या टोकाला धरलेला आखडलेला हात वर जायचा. काठी होती, पाठीमागून धरायचा टॉवेल होता. आणि भिंत होती. तिच्यासमोर उभं राहून दोन बोटांनी हळूहळू वर चढायचं, जिथे कळ येईल तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि उतरायचं.

"तुमचा उजवा, माझा डावा," सुजय म्हणायचा. "दोघांत मिळून एक माणूस धड आहे."

"त्यातला धड भाग कुठला, ते ठरवू काय?"

"तोंड तुमचं ठेवू. माझं एवढं चालत नाही."

वेदिका खोटं रागवायची. "बोटं भिंतीवर, गप्पा नंतर!"

गप्पा मात्र नंतरही व्हायच्या. खाली चहाच्या टपरीवर, तो डाव्या हाताने कप उचलायचा हट्ट धरायचा आणि ती त्याच्या कपाकडे धास्तीने बघत राहायची. तो बंदरांबद्दल सांगायचा. बर्फात उभ्या असलेल्या बोटी, वाळवंटातून जाणारा कालवा, भर समुद्रात थकून डेकवर उतरलेले पक्षी. ती त्याला गाडीतली माणसं सांगायची. कोंबडीचं अर्धं तिकीट मागणारे आजोबा, माहेरी जाताना गावखडी आली की गप्प होणारी सून. तो जग फिरलेला, पण मृणाली बोलायला लागली की तोंडाचा आ करून ऐकत बसायचा. असं कुणी आपलं ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं.

मार्गशीर्षातली गोष्ट. मृणाली भिंतीशी उभी होती. बोटं वर सरकत होती, सवयीची कळ यायची जागा आली... आणि गेली. कळ आलीच नाही. बोटं आणखी चढली. ती थबकली. मग तिने हात भिंतीवरून काढला आणि भीतभीत, जणू दुसऱ्या कुणाच्या डोक्याला हात लावतेय अशी, तो मानेमागे नेला.

बोटांना केस लागले. वेणीचा पहिला पेड. रबर. मानेवरची ती मऊ लव.

मृणाली तशीच उभी राहिली. आपलंच शरीर, आपलेच केस, रोज आरशात दिसणारे. पण एवढे दिवस ते दूरदेशी गेल्यासारखे झाले होते आणि आज परत हाताशी आले होते. कुठे होती ही हालचाल इतके दिवस? कुणी परत दिली? काही औषध नाही, सुरी नाही. नुसती रोजची भिंत आणि बोटं... आणि आतलं काहीतरी, आपल्याला न विचारता, हळूहळू सुटत गेलेलं. तिला एकदम देवळात उभं असल्यासारखं वाटलं. डोळे भरून वाहू लागले आणि हात खाली घ्यायचा धीर होईना. घेतला आणि परत नाही गेला तर?

सुजय दोरी धरून तिच्याकडे बघत राहिला होता. त्याच्या नजरेत गंमत नव्हती. भर समुद्रात, बोटीवरून सूर्य वर येताना माणूस बघतो, तसं तो बघत होता.

"मृणाली," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच, नुसतं नाव. "खाली घ्या. जातो परत. मी बघतोय ना."

तिने हात खाली घेतला. परत वर नेला. गेला!

त्या दिवसानंतर तिचा खांदा झपाट्याने सुटू लागला. आणि सुजयचा, का कोण जाणे, अडला. आदल्या आठवड्यात बोटं जिथे पोचत होती, तिथे ती आता पोचेनात. वेदिका बुचकळ्यात पडली. "असं मागे नाही यायला पाहिजे," ती म्हणायची. सुजय नुसता हसायचा.

मृणालीला काळजी लागली. गोदाबाईंना सांगून तिने देवाला नारळसुद्धा बोलला.

मग एका संध्याकाळी ती रामआळीत सामान घ्यायला गेली. एका म्हाताऱ्या दुकानदार बाईंना दुकान बंद करायचं होतं, आणि शटर वरच अडकलं होतं. शेजारून एक माणूस आला, दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले, आणि शटर खर्रकन खाली ओढलं. दोन्ही हात! मृणाली जागीच उभी राहिली. माणूस वळला. सुजय.

"चोर!" ती म्हणाली. रस्त्यातली दोन-चार माणसं वळून बघायला लागली.

"मृणाली, ऐका तरी..."

"मी नारळ बोलले तुमच्यासाठी! वेदिका मॅडम पुस्तकं उघडून बसतात! आणि तुम्ही..."

तो तिला बाजूला, बंद दुकानाच्या पायरीपाशी घेऊन आला.

"हात वर गेला की मेडिकल होणार," तो म्हणाला. "मेडिकल झालं की कंपनीचा फोन येणार. फोन आला की मी जाणार. आणि मला... मला अजून थोडे दिवस दुपारचं तिथे यायचं होतं."

मृणालीला ते ऐकायला गोड लागलं. पण राग मोठा होता.

"मग तसं सांगायचं तोंडाने. तोंड बरं आहे ना?"

"नाही सांगता येत." त्याने मान खाली घातली. "माझं लग्न झालं होतं. ती वाईट नव्हती. मी निघालो की खिडकीत उभी राहायची, आलो की खिडकीतच दिसायची. एका सुट्टीला आलो तर शांतपणे म्हणाली, माझं सगळं आयुष्य थांबण्यात चाललंय, मला जाऊ दे. मी जाऊ दिलं. आता पुण्यात आहे, सुखात आहे. पण परत कुणाला खिडकीत उभं करायचं नाही, असं ठरवलंय मी."

मृणाली हळू, पण एकेक शब्द तोडून म्हणाली, "हरवलेला हात अंगात परत येतो, सुजय. कुठून येतो, कळत नाही. मी त्या दिवशी रडले ते उगाच नाही. आणि तुम्ही तो आला तर दार लावून त्याला बाहेर उभा करता? माझ्यासाठी? मला नको असली भेट."

ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने वेदिकाकडची वेळ बदलून घेतली.

पुढचे दिवस वाईट गेले. व्यायाम ती घरी करायची, खिडकीच्या गजाला दोरी बांधून, आणि प्रत्येक वेळी हात वर गेला की वाटायचं, सांगावं कुणालातरी. वेदिकाकडून कळलं, सुजयने खरं काय ते सांगून माफी मागितली. आता मन लावून करतोय. मेडिकल पास झालं. बोलावणं आलं.

पौषात डेपोने मृणालीला तिची गाडी परत दिली. पहिल्या दिवशी तिने कोट चढवला, दुखरा हात आधी, आणि गाडीत पाऊल टाकलं. ड्रायव्हर भागोजींनी मागे वळून हात जोडले. "या मॅडम. गाडी तुमच्याबगर नीट चालत नव्हती."

तिने दोरीकडे हात नेला. हात पोचला. मग डबल बेल वाजली, आणि गाडी हलली.

"थांबा, थांबा!" कुणीतरी धावत दाराला लोंबकळलं आणि चढलं. डाव्या हाताने वरचा दांडा घट्ट धरून सुजय तिच्यासमोर उभा राहिला.

"एक नाटे," तो धापा टाकत म्हणाला.

मृणालीने त्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. तिकीट दिलं.

गाडीभर तिचं स्वागत चाललं होतं. पावसला एका बाईंनी तिच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला, कशेळीला कुणी खांद्याची चौकशी केली. सुजय मागच्या बाकावरून बघत होता. पूर्णगडच्या पुलावर मृणालीची मान समुद्राकडे वळली, तेव्हा त्याचीही वळली.

नाट्याला गाडी दुपारची बराच वेळ थांबते. भागोजी झाडाखाली आडवे झाले. सुजय पुढे आला.

"परवा निघतोय. एक गोष्ट दाखवायची आहे. इथेच, वर सड्यावर. येता?"

ती गेली. आंब्यांना मोहोर आला होता, पायवाट त्या वासाने भरली होती. चढ संपला आणि समोर सड्याचा सपाट कातळ पसरला. वाळलेलं सोनेरी गवत, मध्ये काळाभोर जांभा दगड, आणि पलीकडे खाली निळा समुद्र. सुजय थांबला. "खाली बघा."

आधी मृणालीला नुसत्या चरी दिसल्या, कातळात कोरलेल्या. मग त्या चरी जुळत गेल्या आणि तिने श्वास रोखला. माणूस होता तो! उताणा, आभाळाकडे तोंड केलेला, चार माणसांएवढा लांब, आणि दोन्ही हात दोन दिशांना पसरलेले.

"कुणी काढला?"

"कुणालाच माहीत नाही. हजारो वर्षं झाली म्हणतात. लहानपणी गुरं राखायला यायचो तेव्हा ह्याच्या पोटावर बसून भाकरी खायचो."

मृणालीने चपला काढून ठेवल्या. तेव्हा घरं नसतील, रस्ते नसतील. पण कुणीतरी ह्या उन्हात बसून दगडाने दगड फोडत राहिलं होतं, दिवसचे दिवस, कशासाठी? हात एवढे पसरता येतात, हे सांगायला? ती त्या माणसाच्या उजव्या पंजाशी जाऊन उभी राहिली. न ठरवता तिचे हात वर उचलले गेले, दोन्ही बाजूंना, खांद्याच्या रेषेत, मग त्याच्याही वर. वारा बगलेतून वाहून गेला. कुठे काही अडलं नाही.

पलीकडे, डाव्या पंजाशी, सुजय तसाच हात पसरून उभा होता. तो काहीतरी बोलला.

"ऐकू येत नाय!" ती ओरडली. मध्ये तो अख्खा माणूस पसरलेला होता आणि वारा समुद्राकडून होता.

तो पुन्हा बोलला.

"मोठ्याने! कंडक्टरशी बोलताय!"

"मला तुम्ही आवडता!" सुजय सगळ्या सड्याला ऐकू जाईल असा ओरडला. "पण मी जाणार! सहा-सहा महिने जाणार! तुम्हाला खिडकीत उभं नाही करायचं मला!"

मृणालीने हात खाली घेतले. ती त्या कातळातल्या माणसाला वळसा घालून, सावकाश, सुजयजवळ आली.

"मला खिडकीत बसवलं होतं डेपोने," ती म्हणाली. "नाय जमत मला. मी कधी उभी राहणार तुमच्यासाठी खिडकीत? सकाळी माझी गाडी सुटते. तुम्ही बोटीवर, मी एस्टीत. दोघंही फिरतीवर. जो आधी घरी येईल त्याने चहा टाकायचा."

सुजय बघतच राहिला. मग हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. डावा हात उचलून त्याने तिच्या कपाळावर उडालेली बट मागे सारली. मृणालीने तो हात आपल्या गालावर दाबून धरला. इतका उबदार... आणि इतका हलका.

"आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"मथुराकाकींना मी सांगते. तुम्ही फक्त फोन करत जा."

खालून हॉर्न वाजला. भागोजी जागे झाले होते. दोघं धावतच उतरली. मृणाली गाडीत चढली, सुजय दाराशी आला, आणि तिने हात आडवा केला.

"तुम्ही नाय. आज तुम्ही गावात थांबा. आईजवळ. मी जाते, तुम्ही बघा. कसं वाटतं ते कळू दे एकदा."

गाडी हलली. सुजय धुळीत उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मागे राहिला होता आणि त्याचं माणूस पुढे निघालं होतं. त्याला वाटलं होतं, हे सोसणार नाही. पण दारातली ती खाकी आकृती लहान लहान होत गेली, तसं त्याच्या छातीत काहीतरी मोठं मोठं होत गेलं.

वळणावर गाडी जराशी मंदावली. मृणाली दारातून बाहेर झुकली आणि गाडीभर उतारू ऐकत असताना ओरडली, "परत यायची तारीख आधी कळवा हां! लग्नाची रजा आधी टाकावी लागते, डेपोत ऐनवेळी देत नाय!"